बारा आठवड्यांची मागणी

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील ज्या लाइम गावावरून गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराला नाव पडले, तेथून अर्ध्या तासावर मी गेली अठरा वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो. गोचीड चावल्यावर उठलेला लाल चट्टा ओळखणे आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लिहून देणे, हे आमचे उन्हाळ्यातले रोजचे काम. उपचार संपून दोन वर्षे झाली तरी थकवा आणि डोक्यातले धुके घेऊन जे परत येतात, त्यांच्यापुढे मात्र माझे शब्द अपुरे पडतात.

त्या नोव्हेंबरात आलेल्या बाई कर-सल्लागार होत्या. त्यांचा चट्टा कोळी चावल्याचा समजला गेल्याने औषध महिनाभर उशिरा सुरू झाले होते. सोबतच्या जाड फाइलमध्ये, ‘आजार अजून सक्रिय’ असा शेरा मारलेला वेस्टर्न ब्लॉटचा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीचा, नवा अहवाल होता. खरे तर पहिल्या महिन्यानंतर त्यातल्या आयजीएम या सुरुवातीच्या प्रतिपिंडाच्या पट्ट्यांवर विसंबता येत नाही आणि आयजीजी हे नंतरचे प्रतिपिंड रोगजंतू गेल्यावरही वर्षानुवर्षे रक्तात राहते. हे न सांगता चाचणीचे पैसे घेणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

मी त्यांना स्मरणशक्तीची तीस गुणांची चाचणी दिली. शंभरातून सात वजा करत जाण्याच्या प्रश्नाला त्यांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी अशी पाचही उत्तरे अचूक दिली. पण प्रत्येक आकड्याआधी त्यांचे ओठ हलत होते, बोटे टेबलाच्या कडेवर घट्ट दाबली जात होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले तेव्हा ७० सेकंद उलटले होते. जन्मभर आकडेमोड केलेल्या बाईला पाच वजाबाक्यांना ७० सेकंद! गुण मात्र २८, कारण या प्रश्नात वेळ मोजलीच जात नाही. याच गुणांवर ‘सर्व ठीक’ असे लिहून आधीच्या दोन डॉक्टरांनी त्यांना मानसोपचाराची वाट दाखवली होती. मंदावलेला वेग मोजणारी सविस्तर चाचणी मी सुचवली, तर विमा कंपनीने ती नाकारली.

बाईंची मागणी स्पष्ट होती: शिरेतून सेफ्ट्रायक्सोन हे प्रतिजैविक. कोलंबिया विद्यापीठाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यात ३७ रुग्णांपैकी ज्यांना दहा आठवडे हे औषध मिळाले, त्यांची आकलनशक्ती बाराव्या आठवड्याला सुधारलेली दिसली होती. चोविसाव्या आठवड्यापर्यंत तो फरक ओसरला. याच कारणासाठी आम्ही हे औषध देत नाही, असे मी सांगताच त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मला कायमचे नकोच आहे. जानेवारीपासून १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे करविवरणपत्रांच्या मुदतीपर्यंत डोके चालले, की माझा व्यवसाय वाचेल.”

मला चटकन उत्तर सुचले नाही. कनेक्टिकटमध्ये २००९ पासून असलेल्या कायद्यामुळे दीर्घकाळ प्रतिजैविके दिली एवढ्यावरून माझ्यावर कारवाई झाली नसती, म्हणजे निर्णय सर्वस्वी माझाच होता. असे औषध देण्यासाठी बसवलेल्या, दंडातून हृदयाजवळपर्यंत जाणाऱ्या नळीमुळे रक्तात जंतुसंसर्ग होऊन अतिदक्षता विभागात पोहोचलेली एक रुग्ण मी पाहिलेली आहे. गुठळ्या, पित्ताशयातले खडे, प्रतिजैविकांमुळे होणारा आतड्यांचा गंभीर दाह, हे सारे मी बाईंना समजावले आणि नकार दिला.

मग औषधांची यादी पुन्हा तपासताना एक गोष्ट सापडली. झोपेसाठी त्या वर्षभर रोज रात्री दुकानातून आणलेली डायफेनहायड्रामिन या गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या औषधाची गोळी घेत होत्या. ही गोळीसुद्धा डोके जड करते, आणि त्यांना तिच्याबद्दल कोणीही विचारले नव्हते. ती आम्ही हळूहळू थांबवली, झोपेची तपासणी करून घेतली आणि कामाचे चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे ठरवले.

मे महिन्यात त्या परत आल्या. निम्मे ग्राहक त्यांनी दुसऱ्याकडे सोपवले होते. मी पुन्हा शंभरातून सात वजा करायला सांगितले. ४५ सेकंद लागले. “थोडे बरे आहे,” असे म्हणून पर्स उचलताना त्यांनी विचारले, “ते औषध दिले असते, तर बाकीचे निम्मे राहिले असते का?” मी खरे ते सांगितले: कदाचित.