रात्री दोन ते पाच, काळी एक
(माजी विद्यार्थी, दहावी १९९०)

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर आलं ते स्टोअररूममधलं लाकडी कपाट. आत आहुजाचा अँप्लिफायर, दोन माइक (पैकी एक चालू), एक रेकॉर्ड प्लेअर आणि अकरा तबकड्या. कपाटावर खोळीत गुंडाळलेला तंबोरा. आठवीत असताना त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. कारण एवढंच, की मी कबड्डीत निरुपयोगी होतो आणि वायरींना हात लावायला भीत नव्हतो. प्रार्थनेचा माइक, १५ ऑगस्टची गाणी आणि गॅदरिंगमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधली तबकडी हे माझं खातं.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. अकरा तबकड्या आलटून पालटून लावताना मी बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई संपते न संपते तोच बँडची तबकडी लावली. विंगेतून संगीताच्या बाई आल्या आणि त्यांनी आधी माझा कान धरला, मग बोलल्या. ‘‘अरे, शहनाई कुठल्या पट्टीत होती आणि हा बँड कुठं चाललाय? लोकांनी काय कानात बोटं घालून बसायचं? मध्ये थांब की जरा. आधीचा सा, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, जाऊ दे कानातून.’’

दुसऱ्या एखाद्या गावात बाई म्हणाल्या असत्या, आवाज कमी कर. पण ही मिरज. इथं लग्नातला लाऊडस्पीकर बेसूर वाजतोय अशी तक्रार पानवाला करतो. सतारमेकर गल्लीतून शाळेत येणारी चार-पाच मुलं आमच्या वर्गात होती. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी इथं तंतुवाद्यं करायला घेतली त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. पंढरपूरकडून आलेले भोपळे त्यांच्या माळ्यावर वाळत पडलेले असायचे. मित्राला हाक मारायला गेलं की त्याचे आजोबा घोडीवर (ज्या पट्टीवरून तारा जातात ती) कानस फिरवत बसलेले दिसायचे. थोडं घासायचं, तार छेडायची, मान हलवायची, परत घासायचं. अशी घासून जवारी लागली की एकाच तारेतून दहा आवाज निघायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवय्ये गाऊन जात, तेव्हाही आमचं लक्ष बाहेरच्या शेंगदाण्यांच्या गाड्यांकडेच असायचं, हे इथं प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

पुढे इंजिनिअर झालो आणि १९९६ साली एमएस करायला ओहायोतल्या एका विद्यापीठात गेलो. रात्री प्रयोगशाळेत भट्टीचं तापमान दर वीस मिनिटांनी टिपायचं काम होतं. तिथं कुणीतरी विसरलेला एक रेडिओ होता. अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिनव्यापारी, शैक्षणिक केंद्रांसाठी राखलेला असतो. तिथं आमच्याच विद्यापीठाचं केंद्र लागलं. एका तासात मी क्लीव्हलंडच्या स्लोव्हेनियन वस्तीतला पोल्का, जॅझवाल्या थेलोनियस मंकचा पियानो, कुणीतरी पत्रे बडवावेत तसा आवाज आणि मालीच्या अली फर्का तूरेची गिटार ऐकली. गिटार संपल्यावर झोपाळू आवाजातला मुलगा म्हणाला, ‘‘केंद्राला माणसं हवी आहेत.’’ दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या तळघरात हजर.

प्रशिक्षण सहा आठवडे. दर तासाच्या ठोक्याला केंद्राची अक्षरं आणि गावाचं नाव सांगायचं, हा सरकारी नियम. (मिसिसिपीच्या पूर्वेकडे बहुतेक केंद्रांची अक्षरं डब्ल्यूपासून सुरू होतात, पश्चिमेकडे केपासून.) गाण्यातले अपशब्द सकाळी सहा ते रात्री दहा चालत नाहीत, त्यानंतर थोडी सूट. मला त्या शिव्या ऐकून कळायच्याच नाहीत. नशिबानं आधीच्या मुलांनी प्रत्येक तबकडीच्या पाकिटावर चिठ्ठी डकवून ठेवलेली असायची : तिसरं गाणं उत्तम, पाचवं दिवसा लावू नये. आणि सगळ्यांत मोठा नियम : शांतता नको. तीन सेकंद काही वाजलं नाही की श्रोता पुढच्या केंद्रावर जातो. बाईंनी नेमकं उलटं शिकवलं होतं.

नवशिक्याला मिळते तीच वेळ मला मिळाली, रात्री दोन ते पाच. केंद्रप्रमुख मुलगी भली होती. तिनं विचारलं, भारतीय गाण्यांचा कार्यक्रम करशील का? मी ताडकन नाही म्हणालो. रविवारी सकाळी हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा एक तास होताच, आणि मला सगळ्यांनी ‘तो इंडियन’ म्हणून ओळखावं अशी इच्छा नव्हती. आज तो ताठा हास्यास्पद वाटतो. पण त्यामुळे पहिले सहा महिने मी बल्गेरियापासून ब्राझीलपर्यंत सगळं ऐकलं, फक्त घरचं सोडून.

आता निवड कशी करायचो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की ‘काहीही’ लावणं सोपं असतं. काहीही लावलं तर अर्ध्या तासात कबाडीबाजार होतो. तीन तासांत पस्तीस-चाळीस गाणी लागतात. मी साठ काढायचो, दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरायचो आणि वीस परत ठेवायचो. माझ्या आधीचा मुलगा देशांप्रमाणे लावायचा : आता आफ्रिका, आता जपान. ते मला भूगोलाच्या तासासारखं वाटे. दुसरी एक मुलगी तालाप्रमाणे लावायची, ते बरं होतं. मला मात्र आधी सा ऐकू यायचा, त्याला इलाज नव्हता. जुन्या बाजारातून दोन डॉलरला एक छोटा कीबोर्ड आणला आणि वही केली. वहीत मराठीत नोंदी, पेटीच्या कुठल्या पट्टीवर गाण्याचा सा बसतो त्याच्या : मंक, दुसरी बाजू, काळी दोन. बल्गेरियन बायका, पांढरी पाच. सन रा, पट्टी सापडत नाही. (सन रा हे जॅझवाले गृहस्थ आपण शनीवरून आलो असं सांगायचे. त्यांची तबकडी लावली की पुढे तासभर एकही फोन येत नसे. मी त्याला साडेसाती म्हणायचो.)

स्टुडिओत तबकड्या वाजवायची टेक्निक्सची एसएल-१२०० जातीची दोन यंत्रं होती. उजव्या हाताला एक सरकपट्टी. तिनं तबकडीचा वेग आठ टक्के कमी-जास्त करता येतो. साधारण सहा टक्के वाढवला की काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. ही सरकपट्टी इतरांनी ताल जुळवायला वापरली, मी सूर जुळवायला. पहिल्या गाण्याचा शेवटचा स्वर विरत असताना कानाला हेडफोन लावून दुसरं गाणं केसभर वर, केसभर खाली. मित्राच्या आजोबांची मान डोळ्यांसमोर असायची. गाणाऱ्यांच्या आवाजाला मात्र मी ही सरकपट्टी लावली नाही. वेग वाढला की पन्नाशीचा गवई विशीचा होतो, ते पाप आहे.

चुका पुष्कळ झाल्या. एकदा ४५च्या वेगाची छोटी तबकडी मी ३३वर लावली. गाणारी बाई पुरुष झाली, ढोल खोल विहिरीतून आल्यासारखे. माझ्या लक्षात येईपर्यंत दोन मिनिटं गेली होती. तेवढ्यात फोनचा दिवा लागला (स्टुडिओत घंटा वाजत नाही, दिवा लुकलुकतो). म्हटलं, आता शिव्या. तर एक माणूस अगदी आदरानं विचारतोय, हे अप्रतिम गाणं कोणाचं? मी खरं सांगितलं. तो म्हणाला, असंच राहू दे. मी ठेवलं.

त्या वेळी जागे असायचे कोण? बेकरीत पाव भाजणारे, रात्रपाळीच्या नर्सेस, माझ्यासारखे भट्टीवाले आणि टॅक्सीवाले. त्यातला एक इथिओपियाचा होता. १९९७ पासून एका फ्रेंच कंपनीनं तिथल्या जुन्या तबकड्या सीडीवर आणायला सुरुवात केली होती आणि आमच्याकडे त्या आल्या होत्या. त्यात संगीतकार मुलातू अस्तात्के होते, बोस्टनला बर्कली या संगीत महाविद्यालयात शिकून गेलेले. इथिओपियाच्या संगीतात ‘तिझिता’ नावाची एक स्वरचौकट आहे. तिच्या एका प्रकारात सा रे ग प ध हेच पाच स्वर असतात. पहिल्यांदा ऐकलं आणि मी हेडफोन काढून हसलो. हा तर आपला भूप राग! पाचवीत बाईंनी पेटीवर घोटून घेतलेला.

त्या रात्री माझा ताठा सुटला. घरून आणलेल्या कॅसेटींत किशोरीताई आमोणकरांचा भूप होता. तिझितामागून तो लावला. पाच मिनिटांत दिवा. टॅक्सीवाला विचारतो, ही बाई तुमच्या भाषेत तिझिता गातेय का? मी म्हटलं, नाही, हा भूप. तो म्हणाला, तिझिता. मी त्याला देशकार राग समजावून सांगू लागलो : स्वर तेच पाच, पण चाल वेगळी, वेळ वेगळी, म्हणून राग वेगळा. तो म्हणाला, ते तुमचं असेल, पण ही तिझिताच आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ आठवण असा आहे. आमचा वाद रंगात आला आणि ‘खट्’ आवाज झाला. कॅसेटची बाजू संपली होती. तीन सेकंद नव्हे, चांगलं पाऊण मिनिट ओहायोत काहीही वाजलं नाही. वेळेचं म्हणाल तर भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. ओहायोत पहाटेचे तीन आणि मिरजेत दुपारचा दीड. तो कुठल्याच घड्याळात बसत नव्हता. बाईंनी दुसरा कान धरला असता.

त्या पाऊण मिनिटाबद्दल मला बोलावणं आलं आणि समज मिळाली. पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. दोन गाण्यांचे सा फारच लांब असले तर सरकपट्टी पुरत नाही. बाई म्हणत तसं थांबायला हवं, आणि थांबायची तर बंदी. मी सतारमेकर गल्लीतल्या वर्गमित्राला पत्र लिहिलं : साठ मिनिटांची कॅसेट, नुसता तंबोरा, काळी एक. त्यानं उत्तरात विचारलं, गायचं कुणी? पण कॅसेट पाठवली.

ती त्यानं कारखान्यातच भरली होती. तंबोरा सुरेख, आणि मागे सगळी गल्ली. कानशीचा खरखर आवाज, स्कूटर, कुणीतरी म्हणतंय ‘‘चहा सांग रे दोन,’’ आणि शेवटी शेवटी दुरून अजान. आधी वाटलं, हे कसं लावणार? मग लावलं. एक गाणं विरलं की वीस-तीस सेकंद तंबोरा, मग दुसरं. शांतताही नाही आणि गर्दीही नाही. दोन आठवड्यांत लोक फोन करून त्या मधल्या तुकड्याचंच नाव विचारू लागले. बेकरीवाल्याला तर चहावाला पाठ झाला होता.

केंद्रावर नव्या-जुन्या तबकड्यांचं वर्गीकरण करणारी, हिरव्या केसांची एक मुलगी होती. ती म्हणाली, हे तर टेरी रायलीच्या कुळातलं वाटतं. कॅलिफोर्नियाचे हे संगीतकार १९७० पासून पंडित प्राणनाथांकडे शिकले. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, घराणं किराणा. तिनं हे सगळं मला समजावून सांगितलं, त्या घराण्याचं नाव दोनदा चुकीचं उच्चारून. मी म्हटलं, या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले, त्यांची कबर माझ्या गावात आहे, शाळेतून सायकलनं जाता येतं. तिला वाटलं मी थापा मारतोय. मला मात्र शेंगदाण्यांच्या गाड्या आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाजवलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद तक्त्यावर करावी लागायची : कलाकार, रचना, अल्बम, कंपनी. तंबोऱ्यापुढे मी कलाकारात मित्राचं नाव लिहायचो, कंपनीच्या रकान्यात ‘सतारमेकर गल्ली’. वर्षअखेरीच्या यादीत ही कंपनी एका मोठ्या जॅझ कंपनीच्या वर होती. मित्राला कळवलं तर त्यानं विचारलं, पैसे कधी मिळणार?

१९९९ मध्ये शिक्षण संपलं, नोकरी लागली, रात्री झोपायची सवय लागली. आता गाडीत यंत्रच पुढचं गाणं निवडतं. बरं निवडतं, पण पट्टीचं त्याला काही कळत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं आणि त्याच आठवड्यात मित्राला फोन केला. बोलता बोलता कळलं, की शाळेतला तो तंबोरा अजून कपाटावरच आहे. तारा गंजल्यात, घोडी झिजली आहे आणि एक खुंटी गायब. मुख्याध्यापकांना विनंती, की स्मरणिका छापून झाली की तो गल्लीत पाठवावा. मित्र भोपळा बघून घेईल, जवारी तो स्वतः करणार आहे. खर्च माझ्याकडे. लावताना काळी एकलाच लावा म्हणावं.