माठाखालची वाळू

मे महिन्यातलं जळगाव, दुपारचे तीन, आणि लग्नाचं जेवण अंगावर आलेलं. घरात शिरले, सँडल दोन दिशांना भिरकावल्या आणि कूलरसमोर पाय पसरून बसले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जे हाड आहे ते लालबुंद होऊन ठणकत होतं. टोकदार सँडल घालू नये हे मला माहीत आहे. पण पैठणीखाली रुंद तोंडाची चप्पल घालायचं धैर्य अजून आलेलं नाही.

आणि पायाकडे बघता बघता वाटलं, हा पाय माझा नाहीच, आईचा आहे. तीच गाठ. एसटीत पेंगणारा माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकतो, तसा शेजारच्या बोटावर रेललेला तोच अंगठा.

पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बनियन आहे." शेजारी बसलेल्या नवऱ्याने चटकन शर्टाचं वरचं बटण लावलं. मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हाड वाढलेलं नसतं म्हणे, सरकलेलं असतं. अंगठ्यामागचं हाड बाहेर येतं आणि अंगठा आत, बाकीच्या बोटांकडे कलतो. ही ठेवण बऱ्याचदा घराण्यातूनच येते, चपला फक्त भर घालतात. बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा घाला, पट्टी बांधा, चालून आलात की बर्फ लावा. आराम पडेल. पण याने अंगठा सरळ होणार नाही, तो होतो ऑपरेशननेच. हे ऐकून मला उलट बरं वाटलं. सरळ होणारच नसेल तर रोज मोजत बसायला नको.

व्यायामही दिले होते. त्यातला एक, फरशीवरचा नॅपकिन पायाच्या बोटांनी उचलायचा. आमच्या घरी पायाने काही उचललं की पाठीत धपाटा बसायचा, त्यामुळे हा व्यायाम मी अजून दार लावून करते.

मराठीत या गाठीला धड नाव नाही. कुरूप म्हणावं तर ते कातडीचं. आई नुसतं 'हाड' म्हणायची. "आज हाड बोली ऱ्हायनं," म्हणायची आणि कामाला लागायची. तिचे उपाय म्हणजे रात्री मिठाचं गरम पाणी, वर एरंडेल आणि कापूस. आमच्याकडे दिवाळीनंतर मधली खोली कापसाने छतापर्यंत भरायची, भाव चढेल या आशेवर. अंगाला खाज सुटायची. आई जाता-येता त्या ढिगातून एक बोंड उचलायची, नखाने सरकी एकेक करून काढायची, उरलेला कापूस तळहातावर वळून घट्ट बोळा करायची आणि अंगठा नि बोटाच्या मध्ये सारायची. एका वर्षी भाव चढण्याऐवजी पडला. वडील ओट्यावर डोक्याला हात लावून बसलेले. आई म्हणाली, "भाव नही भेटना, पन मन्हा बोटले त कामले उना." वडील चक्क हसले. सिलिकॉनचा तुकडा मी दोनशे रुपयांना आणला तेव्हा मला तो ढीग आठवला.

चैत्रात गावची मंडळी सप्तशृंगी गडावर पायी निघत. आईही जायची, वडिलांचे जुने कॅनव्हासचे बूट घालून. त्यांनी ब्लेडने उजव्या बुटाला रुपयाएवढं भोक पाडून दिलं होतं, नेमकं हाडावर. त्या भोकातून हाड डोळ्यासारखं बाहेर बघायचं. आम्हा मुलांना त्याची लाज वाटायची. आता वाटतं, इतका मापात बसलेला बूट मला एकाही दुकानात मिळालेला नाही.

एक गोष्ट मात्र ती ऐकायची नाही. अंगठा कलून जोडव्यावर घासायचा, तिथे कातडी राठ झाली होती. निदान रात्री तरी जोडवी काढ, असं मी म्हटलं की कानावर हात ठेवायची. वडील गेल्यावर ती बायकांनी उतरवली. महिन्याभराने मी पाय कसा आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आते दुखत नही."

फ्रीजमधला बर्फ नॅपकिनमध्ये गुंडाळून हाडावर धरला, आणि त्या गारव्यासरशी लहानपणची एक दुपार समोर आली. सगळं घर झोपलेलं, पत्रा तापून कडकड वाजतोय. मी पाणी प्यायला उठले तर आई माठाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. माठ ओल्या वाळूवर ठेवलेला असायचा. तिने उजवं पाऊल घोट्यापर्यंत त्या वाळूत खुपसलं होतं, माठाला लागणार नाही इतकं जपून, आणि डोळे मिटले होते. मी विचारलं, "काय करतेस?" ती दचकली. पाय काढून घेत वाळूवर ओंजळभर पाणी शिंपडलं. "काही नही व माय. वाळू वली ऱ्हायनी म्हंजे पानी गार ऱ्हास." मला ते खरं वाटलं होतं.

काल बाजारातून माठ आणला. बरोबर घमेलंभर वाळू. नवरा म्हणाला, "अगं, याला लोखंडी स्टँड मिळतं की."

मी म्हटलं, वाळूवर पाणी जास्त गार राहतं.