ताम्हणातला बाण

आषाढ शुद्ध प्रतिपदा, रात्री साडेनऊ

नर्मदाकाठच्या गरुडेश्वरहून आत्ताच आले. साडीच्या काठाला चिखल तसाच आहे आणि पोटऱ्या भरून आल्यात, पण आज लिहूनच झोपायचं. या वहीचं शेवटचं भरलेलं पान फाल्गुनातलं आहे, त्यावर यांच्या औषधांच्या वेळा आहेत. पुढची सगळी पानं कोरी.

माणूस गेलं की घर सुनं होतं म्हणतात. माझ्या घरात मुलं-सुना, पाहुणे, पातेल्यांचे आवाज सगळं होतं. सुनी झाली ती सकाळी साडेसहा ते सव्वासातची वेळ. तेहेतीस वर्षं मी ही वेळ स्वयंपाकघरातून ऐकली. आधी सहाणेवर चंदनाचं खोड फिरायचं, मग पळी ताम्हणाला लागायची, पाण्याची बारीक धार, आणि शेवटी घंटा. घंटा ऐकली की मी चहाचं आधण ठेवायची. हे गेल्यावर चहा कधी टाकायचा तेच मला कळेना. ओट्याशी नुसती उभी राहायची.

सुतकात देवांना हात लावायचा नाही. बाहेरच्या खोलीत, जिथे यांना ठेवलं होतं तिथे, कणकेच्या गोळ्यावर दिवा, वात दक्षिणेकडे. घरात तेवढा एकच दिवा. देवघराचं दार लोटलेलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेन आल्या, बराच वेळ माझ्याजवळ बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "भाभी, चिंता ना करशो. तमारा ठाकोरजी हूं साचवीश." दहा दिवस त्या रोज अंघोळ करून, ओल्या केसांनी आमच्या देवघरात येत. त्यांना आमचे मंत्र येत नाहीत, आमच्या देवांची मांडणी माहीत नाही. पाणी घालायच्या, पारिजातकाची चार फुलं ठेवायच्या, खडीसाखर दाखवायच्या. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मराठी घर आणि त्यातले देव दहा दिवस एका गुजराती बाईनं सांभाळले. हे मी जन्मात विसरणार नाही.

मी मात्र तेव्हा देवावर रागावलेली होते. खोटं कशाला लिहू? लोटलेल्या दाराकडे बघून मनात म्हणायची, तेहेतीस वर्षं या माणसानं तुम्हाला उपाशी ठेवलं नाही. ताप असला तरी उठून पाणी घातलं. तुम्ही काय केलंत?

तेराव्यानंतर प्रश्न आला, देवांचं काय करायचं? आमच्याकडे पंचायतन, म्हणजे पाच देवांचे पाच दगड; त्यातला बाण शंकराचा, शाळिग्राम विष्णूचा. मुलगा बंगळूरला, त्याला रोजची पूजा जमणार नाही आणि तसं त्यानं सरळ सांगितलं, ते बरं केलं. आत्याबाई म्हणाल्या, पंचायतन देवळात देऊन टाक, बायकांनी बाण-शाळिग्राम पुजू नये, आणि आता तर... पुढचं त्या बोलल्या नाहीत. मी रात्रभर जागी. सकाळी यांच्या नेहमीच्या गुरुजींना फोन केला. ते थोडं थांबून म्हणाले, "वहिनी, बाण स्वयंभू असतो. इतर मूर्तींसारखी त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, प्राण त्यात आधीचाच आहे. तुम्ही पाणी घाला. चुकेल माकेल म्हणून भिऊ नका."

प्राण आधीचाच आहे. फोन ठेवल्यावर मी हे वाक्य कितीदा म्हटलं असेन. आदल्याच पंधरवड्यात मी एका देहातून प्राण जाताना बघितला होता, हातात हात असताना.

दुसऱ्या दिवशी सहाला अंघोळ करून देवघरात बसले. मांडणी आठवेना. आमचं शिवपंचायतन : बाण नर्मदेचा, शाळिग्राम गंडकीचा, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीचा, सूर्याचा स्फटिक आणि देवीचा धातुपाषाण. मधे शंकर एवढं ठाऊक, बाकी कोण कुठे? मग पाटावरचं वस्त्र उचललं, आणि खाली लाकडावर पाच डाग दिसले. वर्षानुवर्षं गंधपाणी झिरपून मुरलेले, प्रत्येक देवाच्या बुडाएवढे. मधला सगळ्यांत काळा. मी एकेक देव त्या त्या डागावर ठेवून बघितला. ईशान्येला शाळिग्राम, आग्नेयेला स्फटिक, नैऋत्येला गणपती, वायव्येला देवी. बरोबर बसले. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, पण यांनी मला जागा दाखवल्या असंच मला वाटलं, आजही वाटतं.

त्या दिवशी घंटा वाजवल्यावर उठून चहा टाकला.

तेव्हापासून रोज. काही सकाळी उठावंसं वाटत नाही. उशीवर पडूनच डोळ्यांतून पाणी येतं. पण देव आंघोळीचे राहिलेत हा विचार अंथरूण सोडायला लावतो. त्यांना कोणीतरी पाणी घालायला हवं आणि आता ती मी आहे. माझ्या हातून पळी निसटते, रुद्र म्हणता येत नाही, मी नुसतं 'नमः शिवाय' म्हणते. हे का गेले याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पण विचारायला एक जागा आहे, आणि तिथे मी रोज पाऊण तास बसते. रडते, भांडते, गंध लावते. भांडून उठले तरी दुसऱ्या दिवशी बाण तिथेच, तसाच.

या बाणाशी माझं आणखी एक नातं आहे, ते लिहायचंच होतं. यांच्या अस्थी आम्ही चांदोदला नेल्या. डभोईमार्गे पन्नासेक किलोमीटर. नर्मदा आणि ओरसंग मिळतात, सरस्वती गुप्त, म्हणून त्रिवेणी म्हणतात. नाव संगमावर गेली, मुलानं मडकं रिकामं केलं आणि मला पाण्याकडे बघवेना. पूजा सुरू केल्यावर आठेक दिवसांनी बाण पुसताना हात थांबला. हा दगड त्याच नदीतला. पाण्यात गडगडत, घासत त्याला हा गुळगुळीत आकार आला. त्या नदीनं यांना घेतलं आणि तिचाच एक तुकडा माझ्या तळहातावर आहे. त्या दिवसापासून ओल्या वस्त्रानं पुसताना मी घाई करत नाही.

अहिल्याबाई होळकरांची आठवण येते. नवरा खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात गेले तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. १७९१ मध्ये जावई गेला आणि मुलगी मुक्ता डोळ्यांदेखत सती गेली. देवळं, घाट, अन्नछत्रं सगळे सांगतात. मला दिसतात त्या महेश्वरच्या वाड्यात मातीची शिवलिंगं करून पूजणाऱ्या. रोज करायची, रोज नर्मदेत सोडायची. तिथे आजही ते लिंगार्चन चालतं. इतकं सगळं हातातून गेलेली बाई रोज सकाळी काहीतरी घडवायची आणि आपल्या हातानं पाण्यात सोडायची. शाळेत हे वाचलं होतं, कळलं आत्ता.

आज प्रतिपदा, दत्तभक्त संत टेंबेस्वामींची पुण्यतिथी. १९१४ साली याच तिथीला महाराज गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. हे दरवर्षी जायचे, मी दोनदाच गेले होते. यंदा जायचं की नाही, परवापर्यंत ठरत नव्हतं. काल बेन म्हणाल्या, मी येते. बसनं गेलो. गर्दी होती, पावसाची भुरभुर होती. दर्शन झालं, प्रसाद घेतला. मग घाट उतरून पाण्यापर्यंत गेलो.

पाणी गढूळ होतं, ओढ होती. पिशवीतून यांची पळी काढली, सकाळीच फडक्यात गुंडाळून घेतली होती. ओंजळीत घेतलेलं फूल सोडलं, वर तीन पळ्या पाणी. फूल पायरीला अडकलं, फिरलं, मग निघालं. बेन हळूच म्हणाल्या, "भाभी, आ पाणी तो चांदोद ज जाय ने." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गरुडेश्वर वर, चांदोद खाली. फूल दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघी पावसात उभ्या होतो, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला त्या पाण्याकडे बघवलं.

येताना गडू भरून आणलाय. तोंडाला फडकं बांधून देवघरात ठेवलाय, गाळ खाली बसला की सकाळी वरचं नितळ पाणी बाणावर घालीन. खोड भिजत घातलं आहे. सहाचा गजर लावला.