तुम्ही विचारलंत म्हणून: मुद्दल का मोडत नाही?

"समोर माणूस अडलाय आणि तुम्ही पैसे बँकेत ठेवून बसलाय?" सोलापुरात कन्ना चौकात, साखर पेठेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न मला गाठतो. आमच्या भागातल्या काही जणांनी मिळून एक न्यास केला आहे. देणगीचा मोठा भाग कायम ठेवीत जातो आणि व्याजातून दरवर्षी याच भागातल्या कामांना मदत होते. हिशेब मी बघतो. कुणी चिडून विचारलं तरी प्रश्न मला रास्तच वाटतो, म्हणून नीट सांगतो.

सोलापूरला द्यायला शिकवावं लागत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला, तो आजही गावाच्या मधोमध आहे. शरणांनी, म्हणजे त्यांच्यासारख्या त्या काळच्या संतांनी, कष्टाला कायक म्हटलं आणि त्या कष्टातलं वाटून खाण्याला दासोह. गड्ड्याची यात्रा असो, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयाचा रथ असो, वर्गणी मागणारा रिकाम्या हाताने परत जात नाही. यंत्रमागावर टॉवेल विणणारा, ज्याची मजुरी मालावर ठरते, तोही पन्नासाची नोट काढतोच.

पण आपलं देणं लाटेसारखं येतं. 2020 च्या टाळेबंदीत माग बंद, बिड्यांची पानं मिळेनात. तेव्हा शिधा इतका आला की काही घरांत तीन-तीन पिशव्या गेल्या. मी स्वतः उचलून दिल्या आहेत. दोन वर्षांनी त्याच गल्लीतल्या एका मुलीला दहावीनंतर पुढच्या शिक्षणाची फी भरायची होती. वडील नव्हते, आई बिड्या वळायची. मी त्याच दारांवर गेलो. कुणी कंजूस नव्हतं. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाचा माल अडकला होता. चौघांच्या खिशातून रक्कम जमली तोवर प्रवेशाची मुदत टळली होती. तिचं वर्ष गेलं. एवढी चांगली माणसं असलेल्या पेठेत एका मुलीचं वर्ष जावं, हे मला अजून सोसत नाही. न्यासाची पहिली बैठक त्याच दिवाळीनंतर झाली.

आता हिशेब. एक लाखाच्या ठेवीवर सात टक्के धरले तर वर्षाला सात हजार. महागाईने ठेव आतून झिजते, म्हणून त्यातले थोडे परत मुद्दलात घालतो. हातात पाचएक हजार उरतात. "एवढेच?" असं ऐकणारे म्हणतात. हो, एवढेच. पण पुढच्या जूनलाही ते असतात, त्याच्या पुढच्याही, आणि त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. फी जूनमध्येच भरायची असते.

देणगी देताना आम्ही एक चिठ्ठी लिहून घेतो, "ही रक्कम कायम निधीसाठी". लोकांना ती कटकट वाटते. पण ती नसेल तर आयकराच्या नियमाने ती रक्कम साधं उत्पन्न धरली जाते, आणि उत्पन्नातला मोठा भाग खर्च करावाच लागतो. बाकी सार्वजनिक न्यासांचा कायदा महाराष्ट्रात 1950 पासून आहे. पैसे कुठे गुंतवायचे याला त्यात बंधनं आहेत, आणि हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात.

ही कल्पना आमची नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात 1914 साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने असा पहिला निधी उभारला. मृत्युपत्रातून दान केलेले पैसे दात्याने लिहिलेल्या एकाच कामाला बांधलेले राहतात आणि काळ बदलला की निरुपयोगी होतात, हे त्याला खटकत होतं. त्याने अनेकांचा पैसा एकत्र ठेवला. सांभाळायची जबाबदारी बँकेची. व्याज कुठे द्यायचं हे मात्र नागरिकांची समिती त्या त्या काळाची गरज बघून ठरवणार. मुंबईत 1991 साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट निघाला तो याच वाटेने.

गॉफची अडचण मला लगेच कळली, कारण तशी गोष्ट घरात ऐकली होती. आजोबांच्या ओळखीच्या एका अडत्याने गिरणीच्या दारात पाणपोई चालावी म्हणून रक्कम ठेवली होती. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, ते दारही राहिलं नाही. कागदावर मात्र "गिरणीच्या दारात" एवढंच. पैसे तसेच पडून राहिले. आमच्या न्यासपत्रात म्हणूनच कुठलंही एक काम लिहिलेलं नाही. भाग लिहिला आहे.

मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. त्यातून चांगली कामं होतात, पण काय करायचं ते कंपनी ठरवते. आमच्याकडे महिन्याला पन्नास रुपये देणाऱ्या एक अक्का आहेत, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या. वार्षिक सभेत त्या उठल्या. "मागच्या वर्षी शिलाई मशीन दिलं म्हणता, ते आता चालू हाय का?" व्यासपीठावर कुणालाच माहीत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. मशीन बिघडून कोपऱ्यात होतं आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. तेव्हापासून दिलेलं सहा महिन्यांनी बघून यायचं, असं ठरलं. मदत घेणाऱ्यांच्याच गल्लीतली बाई देणगीदार होऊन हिशेब विचारते, याचं मोल मला त्या ठेवीपेक्षा जास्त वाटतं.

तरी तुमचा प्रश्न संपलेला नाही. गेल्या पावसाळ्यात एका मागवाल्याच्या ऑपरेशनसाठी त्याचा मुलगा आला. त्या वर्षीचं व्याज वाटून झालं होतं. मुद्दल होतं, आणि मी नाही म्हणालो. संध्याकाळी पाच-सहा घरं फिरून वेगळी वर्गणी केली, काही रक्कम दिली, पण त्या मुलाचा चेहरा विसरलो नाही. पुढच्या बैठकीत व्याजाचा चौथा हिस्सा वर्षभर अशा निकडीसाठी बाजूला ठेवायचं ठरलं. दोघांनी विरोध केला. म्हणाले, फी कमी पडेल. तेही खरं आहे.

येत्या रविवारी बैठक आहे. अर्ज पाच आले आहेत, पैसे तिघांपुरते. अक्का येणार आहेत.