यंदाच्या कलाकारांना गेल्या वर्षीचाच रंग

फोंडा तालुक्यातल्या एका फोटो स्टुडिओचा जुना संगणक ऑक्टोबरातल्या गडगडाटी पावसात गेला. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा जळला, त्याबरोबर मदरबोर्डही. हार्ड डिस्क तेवढी वाचली. मालकांनी नवा संगणक आणला, त्यावर विंडोज ११ आणि फोटोशॉपची चालू आवृत्ती घातली, आणि नेमकं जत्रेच्या तोंडावर काम अडलं. गावच्या नाट्यमंडळाच्या कलाकारांचे बारा बाय अठरा इंचांचे फोटो मांडवात लागतात. मागच्या वर्षांचेही शेजारी टांगलेले असतात, म्हणून सगळ्यांचा बाज एकच हवा: तपकिरी छटा, उजळ भागांभोवती मऊ प्रभा आणि वर फिल्मसारखा बारीक दाणा. हा बाज फोटोशॉपला जोडलेल्या एका जुन्या फिल्टरने, म्हणजे प्लग-इनने यायचा.

"बाब, फोटो आहेत, अ‍ॅक्शन (पायऱ्यांची साठवलेली मालिका) आहे, फिल्टरच मेनूत नाही," मालक मला फोनवर म्हणाले.

त्यांच्या मुलाने जुन्या डिस्कवरची त्या प्लग-इनची डॉट-८बीएफ फाइल नव्या फोटोशॉपच्या प्लग-इन्स फोल्डरमध्ये टाकली होती. फोटोशॉप अशा वेळी तोंडावर काही बोलत नाही, फिल्टर मेनूत येत नाही इतकंच. हेल्प मेनूतल्या सिस्टिम इन्फोच्या यादीत तळाशी न चढलेल्या प्लग-इन्सची नावं असतात, तिथे ते सापडलं. मग फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सुरुवातीच्या अगम्य अक्षरांत रोमन ‘पीई’ ही दोन अक्षरं शोधायची. त्यांच्यानंतर मोठा ‘एल’ असेल तर फाइल जुन्या ३२ बिट धाटणीची, लहान ‘डी’ असेल तर नव्या ६४ बिटची. इथे ‘एल’ होता. ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये ३२ बिटचं प्लग-इन चढत नाही, कॉम्पॅटिबिलिटी मोडने काहीही साधत नाही. फोटोशॉप विंडोजवर २००८ साली सीएस४ पासून ६४ बिटचा झाला. काही वर्षं दोन्ही रूपं मिळत होती, आता ३२ बिटचं रूप निघतच नाही. प्लग-इन बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच बंद केलेलं, तेव्हा नवी आवृत्ती मागायची कुणाकडे?

अशा वेळी प्लग-इनला ३२ बिटचा दुसरा यजमान द्यायचा. इरफानव्ह्यू हा फोटो बघायचा प्रोग्रॅम अजूनही ३२ बिटमध्ये मिळतो आणि त्याच्या प्लग-इन संचातून ८बीएफ फिल्टर चालतात. मात्र इरफानव्ह्यू आणि त्याचा संच दोन्ही ३२ बिटचेच हवेत. यादीत फिल्टर दिसला, पण चालवल्यावर ‘एमएसव्हीसीआरटी१०’ ही डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी साहाय्यक फाइल) नाही अशी तक्रार आली. नव्वदच्या दशकातल्या प्लग-इन्सना ही आणि ‘प्लगइन डॉट डीएलएल’ अशा दोन फाइली बऱ्याचदा लागतात. दोन्ही जुन्या डिस्कवर होत्या. त्या इरफानव्ह्यूच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. सिस्टिममध्येच ठेवायच्या झाल्या तर ६४ बिट विंडोजवर ३२ बिटच्या डीएलएल ‘सिसवाव६४’ मध्ये जातात, आणि ‘सिस्टिम३२’ मध्ये ६४ बिटच्या असतात. नावं उलटी वाटली तरी तसंच आहे. डीएलएल फुकट वाटणाऱ्या साइट्सच्या वाटेला मात्र जाऊ नये, तिथून फाइलबरोबर काय येईल सांगता येत नाही.

प्लग-इनचा सिरियल नंबर त्याच्या सीडीच्या कव्हरवर होता. सीडीवर बुरशी चढलेली. आपल्या हवेत हे व्हायचंच.

पुढचा प्रश्न सेटिंगचा. फोटोशॉपच्या जुन्या पीएसडी फाइली सपाट, म्हणजे सगळे थर एक केलेल्या, त्यातून आकडे कळणार नव्हते. हे प्लग-इन शेवटचे आकडे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत ठेवत असे. जुन्या डिस्कवरच्या युजर फोल्डरमधली ‘एनटीयूजर डॉट डॅट’ ही रजिस्ट्रीचा भाग असलेली फाइल कॉपी केली (मूळ फाइलला हात लावायचा नाही, कारण उघडताना विंडोज तीत लिहितो), रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी-यूजर्सवर उभं राहून ‘लोड हाइव्ह’ने ती जोडली आणि सॉफ्टवेअरखाली प्लग-इनचं नाव शोधलं. प्रभेची त्रिज्या ९ पिक्सेल, तीव्रता ३५, दाणा १२. काम झाल्यावर ‘अनलोड हाइव्ह’ करायचं.

इतकं करूनही पहिला फोटो जुन्याशेजारी धरला तर वेगळाच दिसला. छटा भडक, दाणा जवळजवळ नाहीसा. खरा गुंता इथेच होता.

भडकपणाचं कारण रंगाची प्रोफाइल, म्हणजे फाइलमधला कुठला आकडा कुठला रंग हे सांगणारी नोंद. असली जुनी प्लग-इन्स प्रोफाइल बघत नाहीत, त्यांना नुसते आकडे मिळतात. जुन्या संगणकावर सगळं ८ बिट एसआरजीबीमध्ये चालायचं. नव्यावर फोटोशॉपचा कॅमेरा रॉ १६ बिट प्रोफोटो आरजीबीमध्ये फोटो काढून देत होता. तपकिरी छटेचे तेच आकडे प्रोफोटोत खूप भडक रंग देतात. म्हणून फोटोशॉपमध्ये आधी ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबी, मग ८ बिट, मग टिफ करून इरफानव्ह्यूत न्यायचा. परत आणताना प्रोफाइल गळालेली दिसली तर ‘असाइन’ने एसआरजीबी द्यायची, तिथे ‘कन्व्हर्ट’ नको, कारण ‘असाइन’ आकडे तसेच ठेवतं आणि ‘कन्व्हर्ट’ ते बदलतं.

दाण्याचं कारण कॅमेरा. जुन्या कॅमेऱ्याची उभी फाइल २८४८ बाय ४२८८ पिक्सेलची. फिल्टर तिच्यावर चालायचा आणि छपाईसाठी फाइल ३६०० बाय ५४०० पर्यंत वाढवली जायची, म्हणजे दाणाही सव्वापट फुगायचा. नवा कॅमेरा ४००० बाय ६००० देतो. ती फाइल छपाईला लहान होते, आणि दाणा दबतो. प्रभेची त्रिज्या १.४ पट करून भागलं असतं, पण या प्लग-इनला दाण्याच्या आकाराचा स्लायडर नाही. म्हणून फोटो आधी ४२८८ पिक्सेल उंचीवर उतरवला, फिल्टर चालवला, मग ५४०० वर नेला. १८ इंचांत ४२८८ म्हणजे इंचाला सुमारे २३८ पिक्सेल, मांडवातल्या फोटोला पुष्कळ झाले. ही उलटसुलट मापं स्टुडिओतल्या पोरांना खुळेपणाची वाटली. जुना आणि नवा प्रिंट शेजारी ठेवल्यावर पटलं.

हे जुनं गाडं किती काळ ओढायचं, म्हणून छटा वेगळी काढून ठेवली. हॅल्ड नावाचा ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा रंगतक्ता असतो, त्यात २,६२,१४४ रंग एकेकदा येतात. इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम तो तयार करून देतो. प्रभा आणि दाणा शून्यावर ठेवून तो तक्ता प्लग-इनमधून काढला आणि पीएनजीत ठेवला, कारण जेपीजीत आकडे बिघडतात. आता तीच छटा रॉथेरपी या फोटो प्रोग्रॅमच्या फिल्म सिम्युलेशनमध्ये लागते, प्लग-इनशिवाय. प्रभेसाठी फोटोशॉपमध्येच लेयरची नक्कल, तिला गॉशियन ब्लर आणि स्क्रीन मोड. अपारदर्शकता डोळ्याने जुळवली. शेजारच्या पिक्सेलवर किंवा पिक्सेलच्या जागेवर अवलंबून असलेला कुठलाच परिणाम तक्त्यात उतरत नाही, त्यामुळे दाणा अजून मूळ प्लग-इनच घालतं. इरफानव्ह्यूचं ते ३२ बिटचं फोल्डर, दोन डीएलएलसकट, मालकांच्या दोन पेन ड्राइव्हवर आहे.