चिखलाने जपलेली शिबंदी

उत्तर इंग्लंडमध्ये, रोमन सम्राट हेड्रियनने उभारलेल्या सरहद्दीवरच्या भिंतीच्या किंचित दक्षिणेला, विंडोलँडा हा रोमन सैन्यतळ आहे. तिथे दरवर्षी उन्हाळ्यात उत्खनन चालते आणि प्रत्यक्ष मातीत हात घालणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. गेल्या हंगामात पंधरा दिवस मीही त्यांच्यात होते.

भिंतीचे बांधकाम इ.स. १२२ मध्ये सुरू झाले. विंडोलँडाचा पहिला लाकडी किल्ला मात्र इ.स. ८५ च्या सुमाराचा आहे. शिबंदी बदलली की जुन्या इमारती पाडायच्या, त्यांवर चिकणमाती आणि गवताची ढेकळे अंथरायची आणि नवा किल्ला उभारायचा, असे पुन्हा पुन्हा होत गेल्यामुळे खालचे थर ओले राहिले, त्यांना हवा लागली नाही, आणि एरवी कुजून गेले असते ते लाकूड, चामडे आणि कापड तिथे शाबूत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात काळ्या चिखलातून माझ्या थापीला एक मऊ कड लागली. बोटांनी चिखल बाजूला केला तेव्हा चपलेचा तळ दिसला, जेमतेम माझ्या तळहाताएवढा. तो लहान मुलाचा होता. वर काढण्याआधी त्याची जागा मोजली, थराचा क्रमांक नोंदवला आणि मग तो ओलाच ठेवला, कारण वाळला की चामडे आकसते. या नोंदीला वस्तूइतकेच मोल आहे. साध्या सैनिकांना त्या काळी कायद्याने लग्नाची मुभा नव्हती. तरीही बायकांची आणि मुलांची पादत्राणे बराकींच्या जमिनीवरच्या थरांत मिळत गेली आणि किल्ल्याच्या आत कुटुंबेही नांदत होती, हे मान्य करावे लागले. थर नोंदवला नसता, तर ती चप्पल केवळ चप्पलच राहिली असती.

इथल्या लेखनफलकांची कथाही अशीच आहे. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना लाकडाच्या पातळ ढलप्या मिळाल्या, त्यांवर शाईने लिहिलेले होते. हवा लागताच अक्षरे पुसट झाली आणि अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रणानेच ती पुन्हा दिसू लागली. लिपी धावती रोमन आहे. मोडीचा एखादा कागद ज्याने चिकाटीने लावला असेल, त्याला ते वाचण्याचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. माझ्या मते त्यांतला सर्वांत बोलका फलक म्हणजे पहिल्या तुंग्रियन (आजच्या बेल्जियमकडच्या तुंग्री जमातीच्या) पलटणीची हजेरी: पटावर ७५२ माणसे, त्यांपैकी ४५६ इतरत्र कामावर आणि तळावर फक्त २९६. त्यांतही ३१ जण नाकाम: १५ आजारी, ६ जखमी आणि १० डोळे आलेले. एका ढलपीवरच्या या आकड्यांनी सरहद्दीवरच्या फौजेचे जे चित्र उभे केले, ते कोणत्याही दगडी तटाला दाखवता आले नसते.

मन अस्वस्थ होते ते पश्चिमेकडच्या मॅग्ना या तळामुळे. तिथली ओली जमीन हवामानबदलाने वाळत चालली आहे आणि पुरलेले चामडे-लाकूड त्यासोबत नष्ट होण्याचा धोका आहे, म्हणून २०२३ पासून विंडोलँडा ट्रस्टने तिथे पाच वर्षांचे उत्खनन हाती घेतले आहे. पुढच्या हंगामात माझी थापी तिथे चालावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.