फणसावरचा तो फणसोंबा नव्हता

श्रावणात दिसलेल्या बुरशींच्या नोंदी लिहायला बसलोय. आधी चुकलेली ओळख सांगतो, कारण तिच्यातच सगळ्यात जास्त शिकलो.

परसातल्या जुन्या फणसाच्या बुंध्याला, जमिनीपासून हातभर वर, वीतभर रुंद तपकिरी बुरशी आली होती. फणसावर असं कडक काही दिसलं की तो फणसोंबा, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. लाळ गाळणाऱ्या पोराच्या हिरड्यांना आजी तो सहाणेवर उगाळून लावायची. तुकडा कापून आतल्या गरावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला, तर लगेच काळा. फणसोंबा ज्या बुरशीगटातला तो फेलिनस पोटॅशने काळा पडतो, मग वहीत ‘फेलिनस’ लिहून मोकळा.

दोन दिवसांनी बघतो तर बुरशीच्या पाठीवर आणि खालच्या अळूच्या पानांवर कोकोसारखी भुकटी. म्हणजे बीजाणू तपकिरी. मग गुडघे टेकून पोटाकडची बाजू पाहिली, जी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती. पांढरी! नखाने रेघ ओढली, ती बघता बघता तपकिरी झाली. हा तर गॅनोडर्मा, वेगळ्याच गटातली बुरशी. त्याचाही गर तपकिरी असतो आणि पोटॅशने तोही काळवंडतो, त्यामुळे माझ्या थेंबाने काहीच सिद्ध झालं नव्हतं. त्यातली जात अ‍ॅप्लॅनेटम की ऑस्ट्रेल, हे बीजाणू मोजल्याशिवाय सांगू नये. सूक्ष्मदर्शक मिळेपर्यंत वहीत नुसतं ‘गॅनोडर्मा’.

खरा फणसोंबा नंतर शेजारच्या वाडीत सापडला. पोटाकडून गंजासारखा तपकिरी, नखाला दाद देत नाही. कोयतीने छाटायलाही दोन घाव लागले. आत नळ्यांचे थरावर थर. एक थर म्हणजे एक वर्ष असा हिशेब मात्र मी करणार नाही.

बाकी किरकोळ. मायक्रोपोरस झँथोपस या बुरशीचे पिवळ्या पायाचे पेले पडलेल्या काटक्यांवर जागोजागी. सरपणावरची पांढरी केसाळ पंखुडी आधी पॉलिपोर, म्हणजे खाली छिद्रं असणारी बुरशी, वाटली, पण खाली छिद्रं नाहीत, उभ्या चिरलेल्या पटल्या आहेत: शिझोफायलम.

काजूच्या वाळक्या फांदीवरची पातळ बुरशी अजून अर्धवटच. खालची छिद्रं मधाच्या पोळ्यासारखी, भिंगाशिवाय दिसतात. हेक्सॅगोनिया नक्की, पण कुठला? पुढच्या फेरीला मिलिमीटरची पट्टी नेतो, छिद्रं मोजायला.